आजोबांचे दोन खिसे

फोटो माझ्या कॉम्प्युटरच्या वर्गातल्या एका मुलीच्या आजोबांचा होता. पांढरा शर्ट, डोक्याला लाल पटका, खिशाला निळं पेन, मागे चुन्याची भिंत आणि भिंतीवर कॅलेंडर. मी प्रॅक्टिकलला सांगितलेलं एवढंच, की घरच्या कुणाचा तरी फोटो आणा आणि तो आरशात दिसतो तसा उलटा करा, म्हणजे डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. तिनं प्रोग्रॅम लिहिला, रन केला, आणि स्क्रीनवर जे आजोबा आले त्यांच्या शर्टाला दोन्ही बाजूंना खिसे, दोन्ही खिशांत पेन, पटक्याचा शेमला दोन्ही खांद्यांवर, आणि चेहरा दोन्हीकडून इतका सारखा की जत्रेतल्या देवाचा मुखवटाच. शेजारचीनं बघितलं, मग मागचीनं, मग अख्खी लॅब त्या एका पीसीभोवती गोळा झाली आणि हसून हसून बेजार. ती पण हसत होती. मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, "पण मॅडम, दुसरा खिसा आला कुठून?"

मी चौदा वर्षं शिकवतेय. आमच्याकडे प्रोग्रॅम चुकला की लाल अक्षरं येतात, मुलं घाबरतात, हात वर करून "मॅडम येत नाहीये" म्हणतात, नाहीतर गुपचूप शेजारच्याचं बघून उतरवतात. स्वतःच्या चुकीला हसलेली आणि वर ती चूक आली कुठून हे विचारणारी ही पहिलीच. आणि ही बीए भूगोलवाली बरं का, कॉम्प्युटर सायन्सची नाही.

तर खिसा कुठून आला ते सांगते. तिचा प्रोग्रॅम फोटोच्या डाव्या कडेपासून उजवीकडे एकेक उभी रेघ चालत जात होता, आणि प्रत्येक रेघेला समोरच्या बाजूचा रंग आणून लावत होता. मध्यापर्यंत सगळं ठीक, डाव्या अर्ध्यावर उजव्या अर्ध्याचं प्रतिबिंब आलं. मध्य ओलांडला आणि आता उजवीकडे लावायला डावीकडचा रंग आणायला गेला तर डावीकडे मूळचं काही राहिलंच नव्हतं, तिथे उजवीकडचंच मघाशी दिलेलं पडलेलं. शेजारणीला उसनी दिलेली साखर तीच परत आली तसं. उजवी बाजू होती तशीच राहिली आणि आजोबांची दुसरी बाजू गेली ती गेलीच.

हेच आपण वर्गात दोन ग्लासांचं उदाहरण देऊन शिकवतो ना, एकात दूध एकात ताक, अदलाबदल करायची तर तिसरा रिकामा ग्लास पाहिजे, त्याला म्हणायचं टेम्पररी व्हेरिएबल. महाराष्ट्रातल्या प्रत्येक सरांनी हे ग्लास फळ्यावर काढलेत, मीही काढलेत, मुलं पेपरात छान लिहितात. पण तिसरा ग्लास नसला तर नक्की काय सांडतं हे कुणी बघितलेलं नसतं. तिनं बघितलं.

मग तिनं तिसरा ग्लास घातला, परत रन केलं, तर फोटो जसाच्या तसा. काही झालंच नाही. "रन होत नाहीये" म्हणाली. मी काही बोलले नाही, (खरं सांगायचं तर मलाही दोन मिनिटं कळलं नव्हतं). वीस मिनिटांनी तिचं तिनंच शोधलं, लूप, म्हणजे एकेक रेघ घेत तेच काम परत परत करणारा भाग, अर्ध्यातच थांबवून बघितला तेव्हा फोटो बरोब्बर उलटा झालेला होता. प्रोग्रॅम चालत होता, फक्त जास्त चालत होता, मध्यापर्यंत सगळी अदलाबदल पूर्ण, आणि पुढच्या अर्ध्यात तीच अदलाबदल परत उलटी. लूप अर्ध्या रुंदीपर्यंतच न्यायचा होता. चूक शोधून काढण्याला म्हणतात तो डीबगिंग हा शब्द मी तिला तोवर शिकवलेला नव्हता, आणि नंतर शिकवायची गरजही वाटली नाही.

आता बीएची पोरगी माझ्या लॅबमध्ये काय करत होती, तर एनईपी, म्हणजे नवं शैक्षणिक धोरण. आमच्याकडे ओपन इलेक्टिव्ह आलं, दोन क्रेडिटचं, आणि ते आपल्या शाखेबाहेरचं घ्यायचं, मग बीए-बीकॉमची मुलं पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला आली. आवडीनं आली असं नाही, टाइमटेबलमध्ये जे बसलं ते घेतलं. पहिल्या दिवशी मी नेहमीचं सुरू केलं, प्राइम नंबर, फॅक्टोरियल, फिबोनाची, आणि तिसऱ्या लेक्चरला निम्मा वर्ग गायब. उरलेल्या निम्म्यातल्या एकानं विचारलं की मॅडम प्राइम नंबर शोधून करायचं काय? मी क्रिप्टोग्राफी वगैरे काहीतरी सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की त्याला उत्तर मिळालेलं नाही, आणि घरी जाताना मला कळलं की मीही आयुष्यात कधी कुठल्या कामासाठी प्राइम नंबर शोधलेला नाहीये.

मी स्वतः प्रोग्रॅमिंग कशी शिकले? टर्बो सी, सी भाषेचं ते जुनं सॉफ्टवेअर. तो निळा स्क्रीन ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. तीन वर्षं आकडे टाकायचे आणि आकडे काढायचे, जर्नलमध्ये आउटपुट पेननं लिहायचं, आणि एक्स्टर्नल आले की व्हायवाला "पॉइंटर म्हणजे काय" याचं पाठ केलेलं वाक्य म्हणायचं. त्या सगळ्यात एकच पेपर असा होता जिथे आम्ही लॅब सुटल्यावरही थांबायचो, कॉम्प्युटर ग्राफिक्स. इनिटग्राफ नावाचं एक फंक्शन असायचं, त्याला बीजीआय फोल्डरचा पत्ता द्यायचा, पत्ता चुकला की "ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड", आणि बरोबर आला की काळा स्क्रीन, ६४० बाय ४८०, सोळा रंग. त्या सोळा रंगांत आम्ही जग काढलं. घर, डोंगर, डोंगरातून सूर्य, आणि प्रत्येक बॅचला एक तरी पोरगा गाडी हलवणारा असायचाच, डावीकडून उजवीकडे जाणारा चौकोन, खाली दोन गोल. मी तिरंगा काढलेला. केशरी पट्ट्यात रंग भरायला फ्लडफिल वापरलं आणि चौकटीला एका पिक्सेलची, म्हणजे स्क्रीनवरच्या एका ठिपक्याची, फट राहिली होती, तर त्या फटीतून केशरी रंग बाहेर पडला आणि सगळा स्क्रीन भरून टाकला. मैत्रीण म्हणाली, "धरण फुटलं गं." फ्लडफिल शेजारच्या पिक्सेलला विचारत विचारत पसरतं आणि हद्दीचा रंग लागला तरच थांबतं, हे मला तेव्हापासून जे डोक्यात बसलंय ते बसलंय. रिकर्शन, म्हणजे फंक्शननं स्वतःलाच परत बोलवणं, मात्र त्याच वर्षी फॅक्टोरियलवरून शिकले आणि पाठ केलं. दोन्ही एकाच जातीच्या गोष्टी आहेत हे समजायला मला पुढे स्वतः शिकवायला लागावं लागलं.

तेव्हा हे मौजेचं वाटायचं, अभ्यासाचं नाही. सरही तसंच म्हणायचे, चित्रं काढत बसू नका, युनिट टेस्ट जवळ आलीय.

खूप नंतर वाचनात आलं की अमेरिकेत कुणीतरी हीच मौज मुख्य अभ्यास म्हणून मांडली होती. अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये १९९९ पासून नियम झाला की कुठल्याही शाखेचा विद्यार्थी असो, कॉम्प्युटिंगचा एक कोर्स सगळ्यांना सक्तीचा. इंजिनिअरिंगवाल्यांचं ठीक चाललं, पण आर्किटेक्चर, मॅनेजमेंट, आर्ट्सची जी मुलं होती त्यांच्यातली निम्मीसुद्धा धड पार होईनात. म्हणजे माझं तिसरं लेक्चर, फक्त मोठ्या प्रमाणावर. मग मार्क गझडियल नावाच्या प्राध्यापकांनी २००३ मध्ये वेगळा कोर्स सुरू केला, मीडिया कॉम्प्युटेशन. बार्बरा एरिक्सन या त्यात त्यांच्या जोडीला, पुढे पुस्तकंही दोघांनी मिळून लिहिली. विचार साधा होता, की या मुलांना कॉम्प्युटर हिशेबासाठी लागतच नाही, त्यांच्यासाठी तो फोटो, गाणी, व्हिडिओ बनवायची आणि एकमेकांना पाठवायची वस्तू आहे, तर लूप त्यावरच शिकवा. फोटोतला लाल रंग निम्मा कर, हा पहिला लूप. आवाज, म्हणजे ओळीनं मांडलेल्या आकड्यांची यादी, उलटा वाजव, हा अ‍ॅरे. मुलांनी आपापले फोटो आणले, कोलाज केले, पार होणाऱ्यांचं प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास गेलं, आणि मुलींची संख्या वर्गात भरपूर.

मला यातलं सगळ्यात आवडलेलं वेगळंच आहे. दहा वर्षांनी गझडियल यांनी स्वतःच मागे वळून तपासलं की आपण जे जे होईल म्हणालो होतो त्यातलं खरंच काय झालं, आणि लिहिलं की मुलं टिकतात याला पुरावा आहे, पण ती जास्त चांगलं शिकतात असं म्हणण्याइतका पुरावा हातात नाही. आपलीच योजना दहा वर्षं चालवून असं लिहायला छाती लागते. आमच्याकडे कॉलेज तपासायला येणाऱ्या नॅकच्या फाइलमध्ये कुठला उपक्रम अर्धवट यशस्वी झाल्याचं मी अजून वाचलेलं नाही.

टिकतात, हे मात्र मीही बघितलं. फोटोचं सुरू केल्यावर गायब झालेला निम्मा वर्ग हळूहळू परत आला. आमच्या लॅबला चालू पीसी बारा आणि मुलं अडतीस, इंटरनेट मनात आलं तर, म्हणून मी पायथन आणि फोटोवर काम करायची पिलो लायब्ररी पेनड्राइव्हवरून एकेका मशीनवर घातली. पहिल्या दिवशी फक्त एवढंच केलं, प्रत्येकानं आपल्या फोटोतल्या कुठल्याही एका ठिपक्याचा रंग छापून बघायचा. तीन आकडे येतात, लाल किती, हिरवा किती, निळा किती, प्रत्येक ० ते २५५. झालं, एवढंच असतं फोटोत. एक पोरगी आपल्या गालाचा आकडा बघून म्हणाली, "ब्यूटी मोडमध्ये हे वाढवतात होय!" तिनं लगेच सगळ्या आकड्यांत तीस मिळवले, आणि फोटो गोरा होण्याऐवजी धुरकट झाला, आकाश पांढरंफेक पडलं, कारण जे आधीच २५५ च्या जवळ होतं ते तिथेच चेपलं गेलं. मग आकाश कसं वाचवायचं, तर इफ, म्हणजे अट, घाला. इफ शिकवायचं लेक्चर पुढच्या आठवड्यात होतं, ते त्या दिवशीच उरकलं.

एकानं मोबाइलचा मूळ फोटो आणला, ४००० बाय ३०००. प्रोग्रॅम चालू केला आणि स्क्रीन गप्प. हँग झाला म्हणून तो बंद करायला निघाला तर मी म्हटलं थांब, गुणाकार कर. एक कोटी वीस लाख ठिपके. आमच्या त्या जुन्या मशीनवर पायथन बिचारा एकेका ठिपक्याला हात लावत बसलेला. मग तोच फोटो ४०० बाय ३०० केला, एक लाख वीस हजार, शंभरपट कमी, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत आउटपुट. लांबी दहावा भाग, रुंदी दहावा भाग, काम शंभरावा भाग. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला मी याच गोष्टीसाठी फळ्यावर बिग-ओ, म्हणजे काम किती पटीनं वाढतं ते मोजायची खूण, लिहून दोन तास घालवते. इथे पोरं घड्याळ लावून बसली होती, कुणाचा किती सेकंदात.

दिवाळीच्या सुट्टीत हे सगळं डोक्यात घेऊन घरी गेले. आई रांगोळी काढते, ठिपक्यांचीच, संस्कारभारती तिला आवडत नाही, "पसरट कारभार" म्हणते. मी तिला म्हटलं, मी पण काढते, लॅपटॉपवर. पायथनमध्ये टर्टल म्हणून असतं, ते मूळ लोगो भाषेतलं कासव, १९६७ मध्ये सिमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फर्झिग यांनी लहान मुलांसाठी लोगो केली आणि पुढे त्यात हे कासव आलं, पुढे जा, डावीकडे वळ, असं सांगितलं की ते रेघ ओढत चालतं. आईला विचारलं कुठली काढू, तर म्हणाली, "सोपी काढ, पंधरा ते आठ."

आता बघा, पंधरा ते आठ. ज्यांच्या घरात रांगोळी आहे त्यांना कळलं. मधली ओळ पंधरा ठिपक्यांची, तिच्या वर चौदा, तेरा, असं करत आठपर्यंत, खालीही तसंच, आणि प्रत्येक ओळीचे ठिपके आधीच्या ओळीच्या दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेत. अख्खा नकाशा दोन आकड्यांत. सुरुवात, शेवट, आणि प्रत्येक वेळी एकनं कमी. मी कॉलेजात रेंज फंक्शन शिकवताना घसा कोरडा करते आणि माझी आई चाळीस वर्षं शेजारणींशी रेंज बोलतेय.

मी लूप लिहिला, ठिपके उमटले, पण सगळ्या ओळी डाव्या कडेला चिकटलेल्या. आई भाजणीचं पीठ मळताना लांबून म्हणाली, "अगं, एकाआड एक कुठं बसलेत ते? सरकव की." प्रत्येक ओळ अर्ध्या अंतरानं सरकवायची राहिली होती. सरकवली. मग तिनं चष्मा लावला, जवळ येऊन बघितलं आणि म्हणाली, "आता नीट आहे, पण फूल उभट येईल तुझं." मला कळेना. पाकळ्या जोडल्या तर खरंच उभट आलं. मी दोन ओळींतलं अंतर आणि दोन ठिपक्यांतलं अंतर सारखंच ठेवलेलं, पण ठिपके मधल्या जागेत बसले की शेजारचे तीन मिळून समभुज त्रिकोण व्हायला पाहिजे, आणि त्याची उंची बाजूपेक्षा कमी असते, ०.८६६ पट. तीनचं वर्गमूळ भागिले दोन. नववीत शिकलेलं. आईनं नववीनंतर शाळा सोडलेली, आणि ०.८६६ तिच्या बोटांत आहे.

ठिपके एकूण किती म्हणून मी प्रोग्रॅमलाच विचारलं, १६९ आले. आईला सांगितलं, तिला त्याचं काही नाही. पण तिनं आतून एक वस्तू काढून आणली. जाड पिवळा पडलेला कागद, त्याला उदबत्तीनं ओळीत भोकं पाडलेली, माझ्या आजीचा. जमिनीवर ठेवायचा, वरून रांगोळी फिरवायची, उचलला की ठिपके हजर. मी तो हातात घेऊन बराच वेळ बसले. जाकार नावाच्या माणसानं १८०४ मध्ये फ्रान्समध्ये मागाला भोकाभोकांचे पुठ्ठ्याचे पत्ते लावले, भोक असेल तिथे धागा उचलायचा, आपल्या सोलापुरी चादरीवरची नक्षी त्याच जातीच्या मागावर होते, आणि कॉम्प्युटरच्या इतिहासाच्या पहिल्या धड्यात तो पत्ता असतोच. मी तो धडा दरवर्षी शिकवते, आणि हा कागद आमच्याच कपाटात, पापडाच्या डब्याखाली.

(तमिळनाडूतल्या कोलमवर, म्हणजे तिथल्या रांगोळीवर, तर रीतसर अभ्यास झालाय, चेन्नईच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात कोलमचं व्याकरण मांडलं, कॉम्प्युटरच्या भाषांचं मांडतात तसं. आपल्या ठिपक्यांचं कुणी मांडलं असेल तर मला वाचायला आवडेल.)

सुट्टीनंतर रांगोळी वर्गात नेली, चांगली चालली, ते सविस्तर सांगत नाही. वारलीचं सांगते, कारण तिथे मी तोंडावर आपटले. फंक्शन शिकवायला वारली माणूस फार सोयीचा वाटतो, दोन त्रिकोण टोकाला टोक, वर गोल, हातपाय काड्या. माणूस नावाचं एक फंक्शन लिहायचं, जागा आणि आकार द्यायचा, आणि मग लूपमध्ये कोन वाढवत, त्रिज्या थोडी थोडी वाढवत बोलवत राहायचं की तारपा नाचाचं ते वळत जाणारं वेटोळं तयार. साइन-कोसाइन आपोआप येतात. मी खुशीत. तर सुरगाण्याकडचा एक मुलगा, बीए मराठीचा, एरवी तोंडातून शब्द काढत नाही, तो म्हणाला, "मॅडम, ही सगळी एकच माणसं आहेत."

म्हणजे? म्हणजे त्याच्या गावात चित्रात कुणी बुटका असतो, कुणाचा पाय मागे राहिलेला, एखादी बाई पोराला घेऊन. हे तर शिक्का मारल्यासारखं. त्याचं बरोबर होतं. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांची चित्रं मी त्या रात्री नीट बघितली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली हे जीके मला पाठ होतं पण चित्रं कधी मोठी करून बघितली नव्हती. शेकडो माणसं आणि एकही दुसऱ्यासारखा नाही. त्याआधी हे सगळं बायका काढायच्या, लग्नाचा चौक, तांदळाच्या पिठानं, भिंतीवर, आणि मी त्याचा केला होता दोन त्रिकोणांचा नमुना. पुढच्या तासाला आम्ही फंक्शनला आणखी गोष्टी दिल्या, कंबर किती वाकलीय, पाय कुठे, आणि त्यात थोडं रँडम घातलं. बरं झालं, पण त्या मुलानं बघून मान अशी हलवली की हो पण नाही पण. रँडम म्हणजे वेगळेपणा नव्हे हे त्याला दिसत होतं, मला शब्दांत सांगता येत नव्हतं. त्याचं फंक्शन मात्र वर्गात सगळ्यात मोठं झालं, अकरा पॅरामीटर. त्याला पॅरामीटर म्हणजे काय हे आता कुणी विचारू नये.

सगळं असं गोड नाही. चित्रावर शिकवण्यात एक मोठी गोची आहे. मुलं आकडे ठोकत बसतात. ४० टाकून बघ, नाही जमलं, ६० टाक, ५५ टाक, हां आलं, मॅडम झालं! का झालं ते माहीत नाही, चित्र बरोबर दिसतंय ना मग बास. त्रिकोण काढायला कासवाला ६० अंशात वळवतात, तो मिटत नाही, मग अंदाजे करत करत १२० पर्यंत पोचतात आणि पुढे जातात, कासव बाहेरच्या कोनानं वळतं हे डोक्यातून गेलंच नाही. प्राइम नंबरच्या प्रोग्रॅममध्ये असं ठोकून जमत नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे. आणि परीक्षेत शेवटी थिअरीच. "टीप लिहा : लूपचे प्रकार." आजोबांवाली पोरगी त्या टीपेत मला फार काही सांगू शकली नाही.

शिवाय डोळा. सगळं चित्रावर चाललंय म्हणजे बरोबर की चूक हे डोळ्यानं ठरतं, आणि मला यातच सगळी मजा वाटत होती, शिक्षिकेला विचारायलाच नको, स्क्रीनवर दिसतंच. बीकॉमचा एक मुलगा होता, मागे बसायचा, त्याचा एक विचित्र नाद, प्रत्येक वेळी चित्र दिसलं तरी तो पिक्सेलचे आकडे छापून बघायचा. आधीचे, नंतरचे, वहीत लिहायचा. मला वाटायचं किती काटेकोर पोरगा. फोटो कृष्णधवल करायचं प्रॅक्टिकल होतं. मुलं आधी तिन्ही आकड्यांची सरासरी काढतात, ते थोडं मळकट दिसतं, मग मी सांगते की लाल ०.२९९, हिरवा ०.५८७, निळा ०.११४ असं धरा, टीव्हीच्या जमान्यापासूनचं गणित आहे, कारण आपल्या डोळ्याला हिरवा जास्त उजळ वाटतो. तर यानं विचारलं, "मॅडम, हे कुणाच्या डोळ्याचं?"

मी म्हटलं, सगळ्यांच्या. तो म्हणाला, "माझ्या नाही."

त्याला लाल-हिरवा नीट वेगळा दिसत नाही. पोलीस भरतीची तयारी करताना मेडिकलसाठी तपासून घेतलं तेव्हा कळलं, तोपर्यंत घरच्यांना वाटायचं याचं लक्ष नसतं. सेमिस्टरभर तो आकडे का छापत होता ते मला तेव्हा समजलं. अख्ख्या वर्गात पिक्सेल म्हणजे आकडा हे ज्याला खरोखर कळलेलं होतं तो हाच, कारण त्याला दुसरा इलाजच नव्हता. आणि मी चौदा आठवडे "बघा, दिसतंय ना?" म्हणत होते.

शेवटच्या प्रॅक्टिकलला हवं ते करा म्हटलं होतं. त्यानं बाजारातल्या मिरच्यांच्या टोपलीचा फोटो आणला, अर्ध्या लाल अर्ध्या हिरव्या. प्रोग्रॅम चार ओळींचा, प्रत्येक ठिपक्याचा लाल आणि हिरवा घ्यायचा, दोघांची सरासरी काढायची आणि तीच दोघांना द्यायची, निळ्याला हात लावायचा नाही. डोळ्याचं खरं गणित यापेक्षा बरंच गुंतागुंतीचं असतं, पण त्याला जे दाखवायचं होतं त्याला एवढं पुरे होतं. त्यानं रन केलं. टोपलीतल्या सगळ्या मिरच्या मातकट पिवळ्या झाल्या, लाल कुठली हिरवी कुठली काही कळेना. मुलं जवळ सरकून बघत होती, या वेळी कुणी हसलं नाही. एकजण हळूच म्हणाला, "तुला हे असं दिसतं?"

तो मात्र आमच्याकडे बघत होता. दोन्ही फोटो शेजारी शेजारी होते, आधीचा आणि नंतरचा. "झालं का मॅडम?" त्यानं विचारलं. "मला दोन्ही जवळपास सारखेच दिसतायत."

मी हो म्हणणार होते, पण तो थांबला नाही, त्यानं सवयीनं एका मिरचीचा ठिपका छापला. आधी १९०, ३५, ३०. नंतर ११२, ११२, ३०. वहीत लिहिलं, बरोबरची खूण केली.

आजोबांवाली मागून पुढे आली, तिचा पेनड्राइव्ह तिनं त्याच्या मशीनला लावला. "याच्यावर चालव," म्हणाली. आजोबांचा मूळ फोटो उघडला, एकच खिसा, एकच पेन. त्यानं बघितलं आणि विचारलं, "पटका कसला आहे, लाल का हिरवा?"

तिनं सांगितलं नाही. म्हणाली, "छापून बघ की."